आर्क फ्लॅशचं ट्रेनिंग: हॉलमध्ये नको, पॅनेलसमोर घ्या

फोन बहुधा मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो. ४ तारखेची सुरक्षेची शपथ घेऊन झालेली असते, गेटवर बॅनर लागलेला असतो आणि इलेक्ट्रिकलच्या पोरांसाठीही काहीतरी ठेवा असं वरून कुणीतरी सांगितलेलं असतं. "सर, आर्क फ्लॅशवर दोन तास घ्याल का? हॉल बुक केलाय, प्रोजेक्टर आहे, चहा-समोसे सांगितलेत." मी एवढंच विचारतो, एक पॅनेल चार तास बंद मिळेल का? त्यावर "बघून सांगतो" येतं. पॅनेल बंद, आणि तेही ट्रेनिंगसाठी?

हो, ट्रेनिंगसाठीच. आर्क फ्लॅश म्हणजे शॉर्ट होऊन विजेच्या पॅनेलमध्ये उठणारा जबर गरम भडका. मी आयटीआय करून वायरमन म्हणून लागलो, पुढे सुपरवायझरचं लायसन काढलं, आणि आता चाकण-तळेगावच्या पट्ट्यात मेंटेनन्सच्या लोकांना शिकवत फिरतो. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. ज्या कारखान्याला ट्रेनिंगसाठी पॅनेल बंद करता येत नाही, तो कारखाना कामासाठीही ते बंद करत नाही. तिथला वायरमन चालू बसबारमध्येच (पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्यांमध्येच) पाना घालतो आणि वर "आपल्याला सवय आहे" म्हणतो. म्हणून आर्क फ्लॅशचं ट्रेनिंग शटडाऊन मागण्यापासूनच सुरू होतं. तुम्ही सुपरवायझर असाल, सेफ्टी बघत असाल आणि हे काम तुमच्यावर आलं असेल, तर मी ते कसं करतो ते सांगतो.

कुणाला बसवायचं

वायरमन, इलेक्ट्रिशियन, हेल्पर, ठेकेदाराची माणसं, सगळी. ठेकेदाराची माणसं हमखास राहून जातात, कारण त्यांची हजेरी वेगळ्या रजिस्टरमध्ये असते. पॅनेल मात्र तीच जास्त उघडतात. आणि पहिल्या तासाला प्रॉडक्शन मॅनेजर हवाच. तो नसेल तर मी सुरू करत नाही. रात्री दोनला "दोन मिनिटांचं काम आहे रे, लाईन कशाला बंद करतोस" असं म्हणणारा माणूस तोच असतो. त्याने निदान एकदा ऐकावं. एका वेळी बारापेक्षा जास्त लोक घेऊ नका, मागचे नुसते फोन बघत बसतात.

आधी प्रोब फिरवा

माझ्या पिशवीत एका प्लास्टिकच्या डबीत मल्टिमीटरचा एक जुना प्रोब आहे. लाल. त्याचं टोक निम्मं नाहीये, उरलेल्या भागाला तांब्याचा मोहरीएवढा मणी चिकटलाय आणि मूठ एका बाजूने बुडबुडे येऊन काळी पडलीये. मी काही न बोलता तो हातोहात फिरवतो. आमच्या क्षेत्रातले बरेच जण पहिल्या स्लाइडवर सूर्य दाखवतात आणि आर्क त्याच्या पृष्ठभागाहून गरम असतो असं सांगतात. गोष्ट खरी आहे, पण सूर्य कुणी हातात धरलेला नसतो. प्रोब रोजचा आहे.

तो प्रोब माझाच. सव्विसाव्या वर्षी एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. मोटर चालत नाही म्हणून ४१५ व्होल्ट येतात का बघायला गेलो. आदल्या शिफ्टला कुणीतरी करंट मोजला होता आणि लाल पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये तशीच राहिली होती. मी बटण व्होल्टवर फिरवलं, पिन बघितली नाही, आणि प्रोब तीन फेजांपैकी (आर, वाय, बी) आर आणि वायवर टेकवले. अँपिअरच्या सॉकेटमधून मीटर म्हणजे जवळजवळ सरळ वायरच. मीटर स्वस्तातला, आत काचेचा छोटा फ्यूज. एवढा फॉल्ट तोडणं त्याच्या बापाला जमणार नव्हतं.

मला शॉक लागला नाही. हे वाक्य मी प्रत्येक बॅचला दोनदा म्हणतो. विजेने अंगाला स्पर्शही केला नाही आणि तरी भुवया गेल्या, टेरिकॉटच्या शर्टाची बाही कातडीला चिकटली, दोन दिवस डोळे उघडता येईनात आणि कानात आठवडाभर शिट्टी वाजत होती. डाव्या मनगटावर घड्याळाचा चामडी पट्टा होता. तेवढी पट्टी शाबूत राहिली. ती आजही आजूबाजूच्या कातडीपेक्षा वेगळी दिसते. बाही वर करून दाखवतो, मग पोरं फोन खिशात ठेवतात.

हे का झालं ते इथेच सांगून टाका, फार तास लावू नका. शॉकमध्ये करंट अंगातून जातो. आर्कमध्ये तो हवेतून जातो, पण एकदा हवा तापून वाट तयार झाली की सप्लाय तुटेपर्यंत ती वाट मोडत नाही. तांबं १,०८५ अंशांना वितळतं, आर्क त्याच्या कित्येक पट गरम. तांब्याची वाफ होते, वाफ हजारो पटींनी फुगते आणि पॅनेलला मोकळी बाजू एकच असते, तुम्ही उघडलेलं दार. दिवाळीतला भुईनळा उभा ठेवला तर ठिणग्या वर जातात. तोच डब्यात आडवा ठेवून आपण समोर उभं राहावं, तसं. शॉक सोडून हा विजेचा वेगळाच धोका आहे हे अमेरिकन अभियंता राल्फ ली याने १९८२ मध्ये हिशोबासकट मांडलं. आपल्याकडे आजही बऱ्याच ठिकाणी विजेची सुरक्षा म्हणजे रबरी मॅट आणि शॉकचा तक्ता, एवढंच.

आर्क सुरू कशाने होतो, हे त्यांनाच विचारा. फळा भरून जातो. हातातून निसटलेला पाना, ढिला लग (केबलच्या टोकाचा बोल्टने आवळायचा जोड), पॅनेलमध्ये विसरलेला नट, ग्लँड (केबलभोवतीचं बूच) न बसवलेल्या भोकातून शिरलेला उंदीर, पाल, पहिल्या पावसातली ओल, लोडवर ओढलेला फ्यूज, अर्धवट रॅक इन झालेला, म्हणजे जागेवर पूर्ण न सरकलेला ब्रेकर. प्रत्येकाकडे एक किस्सा असतोच. बोलू द्या. या अर्ध्या तासात तुम्हाला त्या कारखान्याची खरी यादी मिळते, ऑडिट रिपोर्टात नसलेली.

फळ्यावरचं गणित आणि जमिनीवरचा खडू

इथे थांबा. घाई करू नका. वायरमनला गणित नको असतं हा साहेबलोकांचा गैरसमज आहे. त्याच्याच ट्रान्सफॉर्मरचं गणित असेल तर तो चष्मा काढून पुसतो आणि पुढे सरकून बसतो.

एका पोराला यार्डात पाठवून ट्रान्सफॉर्मरची पाटी वाचून आणायला सांगा. समजा १००० केव्हीए, दुय्यम बाजू ४३३ व्होल्ट, इंपिडन्स (आतला अडथळा) ५ टक्के. फुल लोड करंट १,३३३ अँपिअर. त्याला ०.०५ ने भागा. आले सुमारे २६.७ किलोअँपिअर. बसबार एकमेकांना बोल्टने आवळून शॉर्ट केले तर एवढा फॉल्ट. पण आर्क म्हणजे बोल्ट नव्हे, मध्ये हवेचा अडथळा आहे. या व्होल्टेजला आर्कचा करंट साधारण निम्मा भरतो, म्हणजे १३ किलोअँपिअरच्या आसपास.

आता इनकमर एसीबीचं, म्हणजे पॅनेलला सप्लाय देणाऱ्या मुख्य ब्रेकरचं सेटिंग बघा. १६०० अँपिअरचा ब्रेकर, इन्स्टंटेनियस (लगेच पडायची मर्यादा) १२ पट, म्हणजे १९,२०० अँपिअर. विचारा, १३ हजारांचा आर्क आला तर ब्रेकर लगेच पडेल का? नाही पडणार. तो समजतो खालच्या कुठल्या तरी फीडरचा (पुढे जाणाऱ्या लाईनचा) फॉल्ट आहे, खालचा ब्रेकर तोडेल, आपण थांबू. शॉर्ट टाइम डिले ०.४ सेकंद असेल तर तेवढा वेळ तो थांबतो. मोठा फॉल्ट झटक्यात तुटतो आणि त्याच्या निम्मा आर्क जळत राहतो. हे कळलं की वर्गात पहिल्यांदा कुजबुज होते.

अंगावर येणारी उष्णता वेळेच्या पटीत वाढते. वेळ आठपट, उष्णताही आठपट. ती मोजतात कॅलरी दर चौरस सेंटिमीटरमध्ये. १.२ कॅलरी म्हणजे उघड्या कातडीला फोड येण्याची सुरुवात. लायटरच्या ज्योतीवर बोट एक सेकंद धरा, साधारण तेवढी. आयईईई १५८४ या आर्क फ्लॅशच्या हिशोबाच्या मानकाच्या २००२ च्या सूत्रात वरचे आकडे घातले, दार उघडून ४५५ मिलिमीटरवर, म्हणजे हातभर अंतरावर छाती आहे असं धरलं, तर ०.४ सेकंदाला साधारण १८ कॅलरी येतात. इन्स्टंटेनियस ६ पटीवर आणला, ९,६०० अँपिअरवर, तर तोच आर्क ०.०५ सेकंदात तुटतो आणि आकडा सव्वादोनवर येतो. पॅनेल तेच, माणूस तोच.

आता फळा सोडा. खडू आणि टेप घेऊन पॅनेलपाशी चला. १.२ कॅलरीची हद्द कुठवर जाते ते जमिनीवर आखा. १८ कॅलरीच्या हिशोबात ती सुमारे २.४ मीटर, सव्वादोनच्या हिशोबात पाऊण मीटरच्याही आत. दोन्ही रेषा काढा आणि हेल्परला म्हणा, रोज टॉर्च धरून जिथे उभा राहतोस तिथे जाऊन उभा राहा. तो नेहमी आतल्या रेषेपाशीच उभा राहतो. त्याच्या अंगावर काय असतं? टी-शर्ट. यानंतर कुणाला काही सांगावं लागत नाही.

दोन गोष्टी इथेच बजावा. एक, या आकड्यांवर आर्कपासून जपणारा सूट (कपडे) विकत घेऊ नका आणि ब्रेकरची बटणं फिरवू नका. सूत्र २०१८ मध्ये सुधारलंय, त्यात बसबारची ठेवण आणि खोक्याचं माप धरतात. आपल्या प्लांटचा अभ्यास जाणकाराकडून करून घ्यायचा आणि त्याची लेबलं पॅनेलवर लावायची. सेटिंग कायमचं खाली आणलं तर एका फीडरच्या फॉल्टला सगळा प्लांट बसतो, म्हणून नव्या ब्रेकरमध्ये कामापुरता मेंटेनन्स मोडचा स्विच येतो. काम सुरू करताना तो टाकायचा, संपल्यावर काढायचा, दोन्ही परमिटवर लिहायचं. दोन, हे सगळं इनकमरच्या खालच्या बाजूचं झालं. इनकमर बंद केला तरी त्याचे वरचे टर्मिनल ट्रान्सफॉर्मरवरून जिवंतच असतात, आणि तिथे आर्क झाला तर तोडणार २२ केव्हीकडचा ब्रेकर, त्याच्या सवडीने. "पॅनेल बंद आहे" म्हणून इनकमरच्या कप्प्यात हात घालणारा माणूस सगळ्यात वाईट जागी हात घालत असतो. तिथे काम असेल तर एचटी, म्हणजे २२ केव्हीची बाजूच, बंद. दुसरा उपाय नाही.

बंद करणं म्हणजे काय, ते हाताने करून दाखवा

आता ते चार तास. बंद करायला मागितलेलं पॅनेल इथे लागतं.

सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे सप्लायच्या जोडण्यांचा नकाशा, हातात घ्या. बहुतेक ठिकाणी तो जुना असतो. प्रत्येक जण पॅनेलला कुठून कुठून सप्लाय येऊ शकतो ते स्वतःच्या हाताने लिहितो. ट्रान्सफॉर्मर सगळेच लिहितात. डीजी (डिझेल जनरेटर) निम्मे लिहितात. छतावरचं सोलर आता प्रत्येक शेडवर आहे, ते दोघा-तिघांना आठवतं. बस कपलर (दोन बसबार जोडणारा ब्रेकर), कंट्रोल सप्लायचा यूपीएस, शेजारच्या पॅनेलमधून ओढून आणलेली "तात्पुरती" केबल. हा कागद नीट भरता आला नाही तर पुढचं सगळं फुकट.

मग परमिट. परमिटवर पॅनेलचं नाव नुसतं "पीसीसी" (पॉवर कंट्रोल सेंटर) लिहू नका, कप्प्याचा नंबर लिहा. ब्रेकर बंद करायचा, रॅक आउट करायचा (बसबारपासून बाहेर ओढायचा), आणि रॅक करताना दार बंदच. दार उघडं ठेवून रॅकिंग करणाऱ्याला मी तिथेच थांबवतो, मग तो कितीही सीनिअर असो. कुलूप ज्याचं त्याचं, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. एकच कुलूप लावून किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर ठेवणं म्हणजे दाराला नुसती कडी लावणं. शिफ्ट बदलली की परमिटही बदललं पाहिजे. सगळ्यात जास्त घोटाळा तीन वाजताच्या शिफ्ट बदलात होतो.

कुलूप लागलं म्हणजे पॅनेल मेलं असं नाही. तपासायचं. आधी मीटर एका चालू सॉकेटवर लावून बघा, मग पॅनेलवर, मग परत त्या चालू सॉकेटवर. पॅनेलवर शून्य दिसलं आणि मीटरच बिघडलेला असला तर? म्हणून तिसरी पायरी. तपासणी सहा ठिकाणी: आर-वाय, वाय-बी, बी-आर आणि तिन्ही फेज अर्थशी. न्यूट्रलही सोडू नका. खिशातला निऑनचा टेस्टर यासाठी चालत नाही. तो कधी नसलेला करंट दाखवतो, कधी असलेला लपवतो, आणि उन्हात लागलाय की नाही तेही कळत नाही. मीटर कॅट तीन किंवा कॅट चारचा (हा मीटरचा सुरक्षेचा दर्जा) हवा आणि त्यात मोठा फॉल्ट तोडणारा एचआरसी फ्यूज. मीटर हातात घेतला की आधी लाल पिन कुठे आहे ते बघायचं आणि मोठ्याने बोलायचं, "पिन व्होल्टवर." पोरं हसतात. हसू द्या, पण बोलून घ्या.

मीटर शून्य दाखवेपर्यंत पॅनेल जिवंत धरायचं, म्हणजे ही तपासणीच लाईव्ह काम आहे आणि ती सूट घालूनच करायची. हे बहुतेकांना नवीन असतं. "बंद केलंय ना, मग सूट कशाला" हा प्रश्न येतोच.

एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर सुधारणारं, कपॅसिटरचं) असेल तर कपॅसिटरला वेळ द्या. बंद केल्यावर निदान पाच मिनिटं, मग प्रत्येक युनिटच्या टर्मिनलवर मीटर, मग डिस्चार्ज रॉड. डिस्चार्ज रेझिस्टर जळलेला असेल तर पाच मिनिटांनीही कपॅसिटर भरलेलाच सापडतो. त्यानंतर अर्थिंग. अर्थिंग रॉडची अर्थची बाजू आधी, फेजची नंतर. काढताना उलट. हे वाचून लक्षात राहत नाही, प्रत्येकाकडून तीनदा करून घ्या.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम आता लागू आहेत, २०१० चे गेले. वाचायला द्या, पण दिवसाच्या शेवटी. सुरुवातीलाच दिले तर जांभया सुरू होतात.

कपडे

सूट शेवटी आणा. सकाळीच टेबलावर ठेवला तर ट्रेनिंग सूटचंच होतं, सगळे फोटो काढतात आणि आता आपल्याला काही होत नाही अशी समजूत घेऊन घरी जातात. ४० कॅलरीचा सूट घातला तरी स्फोटाचा धक्का छातीवर बसतोच. सूट जगवतो, वाचवतोच असं नाही.

एनएफपीए ७०ई या अमेरिकन मानकात चार गट आहेत: ४, ८, २५ आणि ४० कॅलरी. आपल्याकडचे पुरवठादारही त्याच आकड्यांत बोलतात. लेबलवरचा आकडा १८ असेल तर ८ चा सूट चालत नाही, २५ चाच हवा.

मी विचारतो ती पहिली गोष्ट, आत काय घातलंय? नायलॉनचा बनियन, स्पोर्ट्सचा टी-शर्ट वितळून कातडीत जातो. कंपनीचा टेरिकॉट युनिफॉर्मही तसाच, माझी बाही त्याचीच होती. आत साधा सुती बनियन घाला. सुतीही पेटतो, पण चिकटत नाही, म्हणून तो आतच ठीक, वरून आर्क-रेटेड कापड हवंच. कडं, साखळी, अंगठी काढून ठेवायची. कड्यावरून वाद होतो, दरवेळी होतो. मी म्हणतो, लॉकरमध्ये ठेव, संध्याकाळी परत हातात घाल.

मग प्रत्येकाला हूडसकट सूट घालून एक एम-१२ चा नट सोडवायला आणि परत आवळायला लावा. मे महिन्यात घ्याल तर दहा मिनिटांत पोरगा घामाघूम होतो. घाम यावा हाच हेतू आहे. हूडची काच हिरवट असते, तिच्यातून फेजचे रंग बदलून दिसतात, आर आणि बी ओळखताना माणूस अडखळतो. चालू पॅनेलसमोर हे पहिल्यांदा कळण्यापेक्षा बंद पॅनेलसमोर कळलेलं बरं. रबरी हातमोजे चामड्याच्या आवरणासकट, १००० व्होल्टला वर्ग ०. घालण्याआधी मनगटापासून गुंडाळून हवा कोंडा आणि गालाशी धरा. भोक असेल तर वारा लागतो. पायाखालची मॅट आयएस १५६५२ ची, आणि तिच्यावर स्टूल किंवा बादली ठेवायची नाही.

ब्रेकर बंद-चालू करतानाही दारासमोर उभं राहायचं नाही. बाजूला उभं राहा, हँडलच्या बाजूला, तोंड फिरवा, मग हात चालवा. आर्क सरळ बाहेर येतो, कोपऱ्यावर वळत नाही.

"नाही" कसं म्हणायचं

हे नाटक मी दरवेळी करून घेतो. प्रॉडक्शन मॅनेजरलाच मॅनेजर करतो. त्याने फोन करायचा: "लग गरम झालाय ना? जरा आवळून घे, कस्टमरची गाडी उभी आहे." वायरमनने उत्तर द्यायचं. पहिले दोघं-तिघं गप्प उभे राहतात किंवा "हो साहेब" म्हणून मोकळे होतात. भांडायला शिकवू नका, नोकरी त्याची आहे. वाक्य हातात द्या: "साहेब, वीस मिनिटांचं शटडाऊन लागेल. कधी देता सांगा. तोवर लोड कमी करतो आणि लग गरम असल्याचं लॉगबुकात वेळ टाकून लिहितो." यात नकार कुठेच नाही, फक्त वेळ मागितली आहे आणि नोंद झाली आहे. तीन-चारदा मोठ्याने म्हटलं की जीभ वळते. आणि मॅनेजरही दुसऱ्यांदा "बरं, साडेचारला घे" म्हणायला शिकतो.

लाईनवाल्यांसाठी थोडं

महावितरणच्या किंवा ठेकेदाराच्या लाईनवर काम करणाऱ्यांना पॅनेल कमी, फीडर पिलर, डीपी (खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर) आणि एबी स्विच (खांबावर लाईन तोडणारा) जास्त. त्यांचा आर्क बहुतेक फ्यूजपाशी होतो. डीपीच्या पेटीत किटकॅटमध्ये (फ्यूजच्या चिनी मातीच्या पकडीत) फ्यूज वायरऐवजी जाड तार पिळून घातलेली सापडते, कधी गावकऱ्यांनी, कधी आपल्याच माणसाने. फॉल्ट तसाच असताना ती किटकॅट परत दाबली की फ्यूज तोडत नाही आणि आर्क तोंडासमोर जळत राहतो. मघाशी फळ्यावर वेळेचं जे गणित केलं, तेच हे. नियम एवढाच: आधी वरून बंद, मग फ्यूज, आणि बरोबर रेटिंगची वायर खिशात घेऊनच खांबाकडे जायचं. घराघरांतले इन्व्हर्टर आणि जनरेटर उलटा सप्लाय देतात, म्हणून लाईन बंद असली तरी दोन्ही बाजूंनी अर्थिंग केल्याशिवाय हात नाही.

कुणी भाजलंच तर

आधी सप्लाय बंद, मग माणसाकडे. कपडे पेटले असतील तर जमिनीवर लोळवा किंवा फायर ब्लँकेट टाका. पॅनेलवर पाणी नाही, त्याला सीओ-टू. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही नाही. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. अंगठी-कडं सूज यायच्या आत काढा. १०८ ला फोन करताना "विजेच्या भडक्याने भाजलाय" असं स्पष्ट सांगा. माणूस उठून चालायला लागला, "काही नाही झालं" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण गरम धूर श्वासातून आत गेला असेल तर त्रास काही तासांनी सुरू होतो. मीही त्या रात्री उठून चाललो होतो आणि आधी मीटर शोधत होतो.

परीक्षा

कागदावर परीक्षा घेऊ नका. बंद पॅनेलमध्ये मी एक सप्लाय मुद्दाम शिल्लक ठेवतो. मी आणि तिथला सुपरवायझर सोडून कुणाला माहीत नसतं. काम सुरू करण्याआधी त्यांनी तो शोधायचा. कुणी दार उघडण्याआधी आम्ही दोघं जवळच उभे, आणि कुणाचाही हात आत जायच्या आत "थांब" म्हणायचं, हे ठरलेलं.

गेल्या जुलैत अकरा जणांची बॅच होती. डायग्राम बघून झाला, परमिट झालं, पाच कुलपं लागली, मीटर तिन्ही पायऱ्यांनी फिरला, बसबारवर सगळीकडे शून्य. दहा जण म्हणाले, झालं साहेब, काही शिल्लक नाही. ठेकेदाराचा एक हेल्पर होता, वर्षभरापूर्वी लागलेला. तो मागून म्हणाला, "साहेब, खालच्या कप्प्यात काहीतरी चालू आहे." मी विचारलं, मीटरने बघितलंस का? म्हणाला, "नाही. तिथे पाल बसलीये. एवढ्या पावसात ती गार पत्र्यावर कशाला बसेल?"

पॅनेलमध्ये ओल धरू नये म्हणून बसवलेला स्पेस हीटर होता तो. त्याचा सप्लाय या पॅनेलमधून नव्हे, लायटिंग डीबीतून (दिव्यांच्या वितरण पेटीतून) येत होता आणि डायग्रामवर नव्हता. सहावं कुलूप तिथे लागलं, लावलं त्याच पोराने, आणि सुपरवायझरने पेन काढून डायग्रामवर हीटर आखून घेतला.